ताटली रिकामी जात नाही

आमच्या बिल्डिंगमधले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. जिना एकच, आणि प्रत्येक घराची स्वयंपाकघराची खिडकी त्या जिन्यात उघडते. पहिल्या मजल्यावर कढई चढली की तिसऱ्या मजल्यावर चहाचं आधण चढतं. मग कुणीतरी ताटली घेऊन वर येतं, कुणी खाली जातं, मध्येच पायरीवर दोघीजणी बोलत उभ्या राहतात, की झाला एक किस्सा तयार. आता एवढे झालेत की पाहुणे आले की कुठला सांगावा आणि कुठला गाळावा तेच कळत नाही. म्हणून आज फक्त ताटल्यांचे सांगते.

आम्ही बोईसरला राहतो. बिल्डिंगमध्ये मूळचं इथलं असं घर एकच, तळमजल्यावरच्या रजनीताईंचं. त्यांचं माहेर जवळच्याच मुरबे गावातलं. बाकी आम्ही सगळे कंपन्यांच्या मागे आलेलो. आम्ही बार्शीचे, समोरचे देशमुख अकोल्याचे, वरचे पांडे बनारसकडचे. भाषा वेगळी, मसाला वेगळा, पण संध्याकाळचं खाणं सगळ्यांना लागतं.

* * *

बोईसरमध्ये संध्याकाळ घड्याळावर नसते, शिफ्टवर असते. पहिल्या शिफ्टचा माणूस चारला घरी येतो, त्याच्यासाठी वडा म्हणजे उशिरा मिळालेलं जेवण. रात्रपाळीवाला पाचला उठतो, त्याच्यासाठी तोच वडा म्हणजे नाश्ता. हे आम्हाला सवयीचं आहे. पण माझ्या सासूबाई बार्शीहून कायमच्या राहायला आल्या, त्यांना कोण सांगणार?

सासूबाईंना आता सगळी बिल्डिंग आक्का म्हणते. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी धपाटे केले, आणि ओळख करून घ्यावी म्हणून ताटली घेऊन स्वतः समोरच्या दारात गेल्या. दार उघडलं देशमुख भाऊजींनी. अंगात बनियन, तोंडात ब्रश आणि हनुवटीपर्यंत फेस. तेव्हा ते नोकरीत होते आणि त्यांची रात्रपाळी चालू होती.

आक्का ताटलीसकट परत आल्या.

"सूनबाई, समोरचा माणूस दिवेलागणीला दात घासतोय."

मी म्हटलं, "आक्का, त्यांना नाइट आहे. रात्रभर जागतात ते."

"रात्रपाळी मला नको सांगूस. आमच्या बार्शीत गिरण्या होत्या की. ती माणसं सकाळी घरी यायची, दात घासायची आणि मग झोपायची."

ते धपाटे आम्हीच खाल्ले, आणि देशमुख भाऊजी आळशी ठरले ते ठरलेच. पुढे मी शिफ्टचा सगळा तक्ता समजावून सांगितला, पण उपयोग झाला नाही.

* * *

शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत सगळीकडे आहे. घरात काही नसलं तर माणसं चिमूटभर साखर घालून देतात. आक्कांनी या रीतीला स्वतःचं वळण दिलं.

झालं असं की देशमुखांच्या मंगलवहिनींनी एकदा कांदाभजी पाठवली. चव चांगली होती, पण भजी पडली मऊ. आक्कांनी एक खाल्लं. ताटली धुतली, पुसली आणि तिच्यात एक कागदाची पुडी ठेवून मला म्हणाल्या, "देऊन ये."

मंगलवहिनींनी पुडी उघडली. आत दोन चमचे तांदळाचं पीठ.

"हे कशाला?" त्या मला विचारतात. मी काय सांगणार? पण त्या सुगरण बाई. रात्री भांडी घासता घासता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. पुढच्या वेळी त्यांनी पिठात तांदळाचं पीठ घातलं आणि भजी अशी कुरकुरीत झाली की बस. त्या दिवशी ताटली परत गेली ती आक्कांच्या हातच्या धपाट्यासकट.

तेव्हापासून बिल्डिंगला आक्कांची परीक्षा कळली. ताटलीत शिजवलेलं काही आलं तर पास. पुडी आली तर नापास, आणि कुठे चुकलं ते पुडीतच. मिठाची पुडी सगळ्यात जास्त जायची, कारण आक्कांच्या मते या भागात कुणाला मीठ घालताच येत नाही. पुडी देताना त्या एवढंच म्हणायच्या, "मीठ बघा की जरा."

* * *

रजनीताईंना ही परीक्षा माहीत नव्हती, का माहीत असून खोडी काढली, देव जाणे. त्यांनी एका संध्याकाळी जवळ्याची भजी पाठवली. जवळा म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबीच. आक्का माळकरी. ताटली उंबऱ्याबाहेरच थांबली. आमच्या ह्यांनी आणि मी ती भजी जिन्यात उभं राहून संपवली. काय सांगू, फार सुंदर होती.

आता रिकामी ताटली द्यायची नाही, आणि भजी तर चाखलेली नाही. आक्कांनी ताटली चिंचेने घासली, तीनदा विसळली, उन्हात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी परत केली. आत एक तुळशीचं पान.

रजनीताई पान घेऊन वर आल्या. "आक्का, तुलस आमच्या दारात पण हाय. आमी तिला पानी घालतो नि मंग जवला खातो."

आक्का म्हणाल्या, "मग उद्या तिला जवळा घाला आणि तुम्ही पाणी प्या."

रजनीताई पायरीवर बसून हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी केळफुलाची भजी केली, तेल नवं, कढई वेगळी. आक्कांनी चार खाल्ली आणि ताटलीत धपाटा गेला.

* * *

मग देशमुख भाऊजी रिटायर झाले.

अख्खी नोकरी त्यांनी केमिकल कंपनीत काढली. त्यांचं नाक त्यांच्या आधीच रिटायर झालेलं होतं. वास अजिबात येत नाही. डॉक्टर झाले, थेंब झाले, काही फरक नाही. एकदा मी सहज विचारलं, "भाऊजी, मग जेवणाची चव लागते का?"

ते म्हणाले, "थोडीफार. पण वहिनी, मी आता कानानं खातो. कुर्रकन वाजलं की बरं वाटतं. नाही वाजलं तर पुठ्ठा खाल्ल्यासारखं."

असा माणूस रिटायर झाल्यावर स्वयंपाकघरात शिरला. का, ते मंगलवहिनींनी आम्हाला सांगितलं. भाऊजींच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. साऱ्या बिल्डिंगला आक्कांच्या हातचं मिळालं, आणि ज्यांच्या दारात आक्का पहिल्यांदा धपाटे घेऊन गेल्या त्यांनाच फेसामुळे मिळालं नाही. बायकोच्या जिवावर मिळालेला धपाटा ते हिशेबात धरत नव्हते. स्वतः करायचं, स्वतः न्यायचं, आणि आपली ताटली आक्कांकडून भरून आणायची.

पहिला बेत थालीपीठ. तेही विकतची भाजणी नको, घरी भाजणार. मंगलवहिनी बाजारात गेल्या होत्या. भाऊजींनी कढईत धने टाकले आणि टीव्हीवरची मॅच बघायला गेले.

बोईसरच्या माणसाला वास आला की तो आधी वारा कुठून आहे ते बघतो, म्हणजे कुठल्या कंपनीचा गॅस सुटला ते कळतं. आम्हीही बघितलं. पाच मिनिटांत सगळी बिल्डिंग नाकाला ओला रुमाल लावून खाली. रजनीताई ओरडतात, "आज काय सोरलाय कंपनीनं?" आमच्या ह्यांनी ओळखीच्या सेफ्टीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "आमचा प्लांट तर आज बंद आहे."

एवढ्यात देशमुख भाऊजी सांडशी हातात घेऊन खाली आले. "बाप्पा, सगळे खाली कसे?"

"वास येतोय ना!"

"मला तर नाही येत."

मग आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. धूर त्यांच्याच खिडकीतून येत होता.

धने गेले, पण भाऊजी मागे हटले नाहीत. उरलेली धान्यं भाजून, दळून, त्यांनी थालीपीठ केलंच आणि घेऊन आले. आक्कांनी एक तुकडा तोंडात टाकला. संध्याकाळी धुपाला लागणाऱ्या कोळशांतला एक त्यांनी ताटलीत ठेवला.

भाऊजींनी तो उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे थोडं जास्त भाजलं गेलं?"

"थोडं," आक्का म्हणाल्या.

* * *

दुसऱ्या वेळी भाऊजींनी कंपनीतली शिस्त घरात आणली. कांदा चिरायला सेफ्टी गॉगल, तळायला कोपरापर्यंत हातमोजे, आणि ओट्यापासून तीन पावलांवर जमिनीवर पिवळी पट्टी. पट्टीच्या आत विनापरवाना यायचं नाही, मंगलवहिनींनीसुद्धा. आम्ही पोट धरून हसलो. पण दोन दिवसांनी मी खाली गेले तर रजनीताई गॉगल लावून किलोभर कांदा चिरतायत. डोळ्यात टिपूस नाही.

"भाऊजींचा?" मी विचारलं.

"मागून आनला. घरी पावने हायेत. तुला पायजे तर उद्या घेवून जा, पन मंग पांडेबायचा नंबर हाय."

पिवळी पट्टी आखली त्या दिवशी गॉगल घालून भाऊजींनी केली होती मिरचीभजी. मिरच्या वाणगावहून आणल्या. रजनीताईंनी पिशवीत डोकावून आधीच सांगितलं होतं, "भाऊजी, या भज्याच्या नाय, वाटनाच्या मिरच्या हायेत. तोंडाचा जाल होईल."

भाऊजींचा वऱ्हाडी अभिमान जागा झाला. "ताई, आम्ही अकोल्याचे. आम्हाला तिखटाचं नका सांगू."

पहिली भजी त्यांनी स्वतःच खाल्ली. मग तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. तरी ताटली आमच्याकडे आलीच. आक्का बार्शीच्या, त्यांनी एक भजं पूर्ण खाल्लं, डोळे पुसले आणि साखरेची पुडी बांधली. पुडी नेहमीपेक्षा मोठी होती. भाऊजींनी ती जिन्यातच उघडली आणि तोंडात रिकामी केली.

* * *

देशमुख भाऊजींना खरं लागलं ते पांडेभाभींमुळे.

पांडेभाभी नव्या राहायला आलेल्या. मराठी येत नाही, आणि आक्कांना हिंदी येत नाही. भाभींनी निमकी, म्हणजे त्यांच्याकडचे खारे शंकरपाळे, करून पाठवली. आक्कांना ती खुसखुशीत वाटली नाही. ताटलीत तुपाची छोटी वाटी गेली, म्हणजे मोहन कमी पडलंय.

भाभींना परीक्षेचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाल्या, "अम्माजी ने घी भेजा है. हमारी सास भी ऐसे ही देती थीं." त्यांनी त्यातलं थोडं देवापुढच्या दिव्यात घातलं, उरलेल्यात शिरा केला आणि तो घेऊन आक्कांच्या पाया पडायला आल्या.

आक्का माझ्याकडे बघतात, मी आक्कांकडे. मी हळूच विचारलं, "सांगू का त्यांना?"

"गप बस," आक्का म्हणाल्या, आणि आदल्या दिवशी केलेली शेंगापोळी आख्खी ताटलीत ठेवली.

भाभी वर जाताना देशमुख भाऊजी जिन्यात भेटले. त्यांनी ताटलीत बघितलं. घरी जाऊन मंगलवहिनींना म्हणाले, "नापास होऊन शेंगापोळी. आणि मी गॉगल लावून तळतोय."

* * *

यंदा आक्कांना चक्कर आली. पालघरच्या डॉक्टरांना दाखवलं, तर ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टर म्हणाले, "आजी, मीठ कमी करा. पापड, लोणचं, फरसाण बंद."

कमी मीठ घालायचं, हे आक्कांना पटेना. "घालायचं तर नीट घालायचं, नाहीतर नाहीच घालायचं." घरी आल्यावर त्यांनी सगळंच सोडलं. दोन्ही वेळा दूध-भाकरी. संध्याकाळचं खाणं बंद. त्यांच्या पलंगाखाली एक डबा असतो, त्यात त्यांनी स्वतः केलेली कडबोळी असतात, फक्त मुलासाठी. तो डबाही त्यांनी मागे सरकवून ठेवला.

आणि पुड्या बंद झाल्या. शेजारून ताटली आली की म्हणायच्या, "तूच घाल काय घालायचं ते. मला चव कळत नाही आता." मी चिमूटभर साखर घालून परत करायचे.

बिल्डिंगला आधी वाटलं, सुटलो. मग मंगलवहिनी म्हणाल्या, "मी काल वडे केले, पण कसे झाले कळलंच नाही." पांडेभाभी रोज विचारायच्या, "अम्माजी नाराज हैं क्या?" रजनीताई म्हणाल्या, "त्यांची मिठाची पुरी आली नाय तं वर्षभर मीठ इकत आनावं लागतंय." म्हणाल्या हसत, पण डोळे हसत नव्हते. मला तर भीतीच वाटायला लागली होती. आक्का उतरत चालल्या होत्या. दिवसभर खिडकीशी बसायच्या, आणि जिन्यातून तळणाचा वास आला की उठून आतल्या खोलीत जायच्या.

एक दिवस देशमुख भाऊजी दारात आले. "वहिनी, आक्का सध्या काय खातात?"

"दूध-भाकरी."

"अन् वाजणारं काही?"

"दात आहेत त्यांचे, पण खातच नाहीत."

"तोंडाला चव नसली की काय खायचं ते मला विचारा," ते म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच उमरोळीला जाऊन अळूची पानं घेऊन आले. काळ्या देठाचीच घ्या, म्हणजे खाजरी निघत नाहीत, असं रजनीताईंनी बजावलं होतं, आणि या वेळी त्यांनी ते ऐकलं. दुपारभर त्यांच्या घरातून आवाज नाही, धूर नाही. पाच वाजता दोघं नवरा-बायको आमच्याकडे आले. भाऊजींच्या हातात ताटली, वर झाकण.

मंगलवहिनींनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "मिठाचा कण नाही हो त्यात," त्या कानात म्हणाल्या. "मला मिठाच्या डब्याला हातसुद्धा लावू दिला नाही. चिंच, गूळ, मिरची आणि वरून तीळ. चकत्या अशा पातळ कापल्यात की पापड वाटावा. आक्कांना सांगू नका म्हणालेत."

बाहेर आक्का म्हणत होत्या, "देशमुख, माझं बंद आहे."

"तुम्ही खाऊ नका, आक्का. फक्त वाजते का ते सांगा. बाकी मला काही नको."

आक्कांनी एक अळूवडी उचलली. चावली. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या आम्हा दोघींना आवाज आला.

भाऊजी तसेच उभे. आक्कांनी ती वडी संपवली. दुसरी घेतली. मग तिसरी. मध्ये एकदा बोटांना लागलेले तीळ चाटले. मी कितीतरी दिवसांनी त्यांना असं खाताना बघत होते. मंगलवहिनींनी माझा हात धरला होता, तो दुखायला लागला तरी मी सोडवला नाही.

ताटली रिकामी झाली. आक्का उठल्या, आत आल्या, ती धुतली, पुसली. पुड्यांचे कागद जिथे ठेवतात त्या फळीकडे त्या गेल्या नाहीत. आतल्या खोलीत जाऊन खाली वाकल्या, पलंगाखालचा डबा ओढला आणि चार कडबोळी ताटलीत मांडली. वर झाकण ठेवून ताटली भाऊजींच्या हातात दिली.

भाऊजींनी झाकण उचलून बघितलं. परत ठेवलं. परत उचललं. दारापर्यंत गेले, चपलेत पाय घातला, तेवढ्यात मागून आक्का म्हणाल्या,

"देशमुख, मीठ बघा की जरा. जास्त झालंय."

मंगलवहिनी काही बोलणार, तोच भाऊजी वळले. ताटली दोन्ही हातांत धरून, अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले,

"पुढच्या वेळी कमी घालतो, आक्का."